अंगठ्याखालची हवा

१

इंजिनाच्या पहिल्या सिलिंडरचा प्लग काढायचा. त्या भोकावर अंगठा दाबून धरायचा. समोरून आमचे हे हँडल फिरवत असतात. आतून हवेचा जोर येऊन अंगठा उचलला जायला लागला, की "आली" म्हणायचं. एवढंच माझं काम होतं, आणि ते मुळात माझं नव्हतंच. ते अदितीचं होतं.

अदिती आमची एकुलती एक मुलगी. काल्हेरला एका गोदामात शिफ्ट सुपरवायझर होती. गेल्या वर्षी गणपती उठल्यावर तिला ताप आला, रक्तातल्या पेशी उतरत गेल्या, आणि नवरात्र बसायच्या आत ती गेली. सत्ताविसावं चालू होतं. त्याबद्दल याहून जास्त मला सांगता येत नाही.

हे, म्हणजे माझे यजमान सुधीर, पतपेढीत नोकरीला होते. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. आता दोघंही घरीच. धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे आणि घराला लागून एक लांबोडका गाळा. सासऱ्यांनी तो लूमवाल्यांना कापड विणायला भाड्याने दिला होता. पुढे ते लूम भंगारात गेले, आणि तेव्हापासून तिथे सासऱ्यांची फियाट उभी आहे. लूमच्या पायांचे कापलेले बोल्ट अजून फरशीतून वर आलेले आहेत. बघून चाललं नाही तर ठेच लागते. पत्र्याखालच्या वाशांना कापसाचे तंतू चिकटून त्याची राखाडी जळमटं झाली आहेत. शेजारचा गाळा मात्र चालू आहे. भिंत एकच, त्यामुळे दिवसभर खडाखड. आम्हाला तिची इतकी सवय झाली आहे की शुक्रवारी लूम बंद असले की गाळ्यात पाऊल टाकताना उगाच हळू बोलावंसं वाटतं.

गाडीचं इंजिन बापलेकीने मिळून खोललं होतं. सिलिंडर बोअर करून आणले, नवे पिस्टन घातले, हेड बसवलं. डिस्ट्रिब्युटर तेवढा राहिला होता. मग ती आजारी पडली. त्यानंतर वर्षभर इंजिनावर एक जुनी चादर पडून होती आणि आम्ही दोघं त्या दाराकडे न बघता जा-ये करायला शिकलो होतो.

एका शुक्रवारी जेवणं झाल्यावर हे म्हणाले, "सुमा, जरा येतेस? अंगठा धरायला कोणीतरी लागतं."

मी हात पुसून गेले.

२

डिस्ट्रिब्युटर म्हणजे चारही सिलिंडरना पाळीपाळीने ठिणगी पोचवणारा. वर काळी टोपी, टोपीतून चार प्लगांकडे निघालेल्या चार जाड वायरी, आणि आत गरगरणारा रोटर. तो बसवताना पहिल्या सिलिंडरचा पिस्टन हवा दाबून अगदी वर आलेला असावा लागतो आणि रोटरचं तोंड पहिल्या वायरीकडे असावं लागतं. गोम अशी, की पिस्टन वर दोनदा येतो. एकदा हवा दाबायला, आणि एकदा जळका धूर बाहेर ढकलायला. बाहेरून दोन्ही वेळा सारखंच दिसतं. पहिल्या वेळी दोन्ही झडपा बंद असतात, म्हणून भोकावरच्या अंगठ्याला जोर लागतो. दुसऱ्या वेळी धुराची झडप उघडी असते, हवा तिकडून निघून जाते, अंगठ्याला काही कळत नाही. हे सगळं मी वर्षानुवर्षं फळ्यावर रंगीत खडूंनी काढून शिकवलं होतं. खऱ्या इंजिनाला मात्र पहिल्यांदाच हात लावत होते.

भोकाची कड गार होती. ह्यांनी पुढून हँडल घातलं आणि फिरवायला घेतलं. थोडी हवा अंगठ्याच्या बाजूने फुस्स करून निसटली. मग ओढ लागली. मग जोर आला, सावकाश आणि अगदी स्पष्ट, अंगठा खालून उचलल्यासारखा.

"आली," मी म्हणाले.

तो शब्द तिचा होता. ह्यांनी हँडल थांबवलं आणि क्षणभर तसेच वाकलेले राहिले. मग पुलीवरची खूण जुळवली, डिस्ट्रिब्युटर आत सोडला, बोल्ट आवळला, प्लग आणि वायरी लावल्या आणि गाडीत बसून चावी फिरवली. स्टार्टर घरघरला, आणि कार्ब्युरेटरमधून बंदुकीसारखा बार निघाला. वरच्या जळमटांतून कापसाचे तंतू आमच्या अंगावर पडले.

"अर्धा फेरा उलटा बसला," हे खाली उतरून म्हणाले. "होतं असं. तू धुराच्या वेळेला आली म्हणालीस."

"जोर आला तेव्हाच म्हणाले."

"पहिल्यांदाच धरलास ना. पुन्हा करू."

पुन्हा केलं. पुन्हा मी नीट लक्ष देऊन, जोर येईपर्यंत थांबून "आली" म्हणाले. पुन्हा बार. ह्यांनी वायरींचा क्रम तपासला: एक, तीन, चार, दोन. बरोबर होता. खालच्या गिअरचा एखादा दात पुढेमागे बसलाय का पाहिलं. नव्हता. पॉइंटमधली फट पाहिली, टोपीला बारीक तडा आहे का ते उजेडात धरून पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. चूक फक्त माझ्या अंगठ्याची होती.

शेवटी ह्यांनी इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण काढलं, म्हणजे झडपा उघडताना-मिटताना डोळ्यांनी दिसतील. "आता धर. आणि आली म्हणालीस की इथे बघ."

मी "आली" म्हणाले आणि पाहिलं. पहिल्या सिलिंडरची धुराची झडप सताड उघडी होती.

"बघ," हे म्हणाले. "इथून सगळी हवा जातेय. जोर येईलच कसा?"

माझा अंगठा त्या क्षणीही खालून वर ढकलला जात होता. मी तो काढून घेतला आणि पदराला पुसला.

३

मी विज्ञानाची बाई. घरी येऊन भाजी चिरताना मी कारणं शोधली. नवे पिस्टन, नव्या रिंगा, घट्ट बसलेलं इंजिन. कुठेतरी हवा तुंबत असेल. सायलेन्सरच्या नळीत उंदराने चिंध्या कोंबल्या असतील. हे मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी दुसऱ्या दिवशी नळी सोडवून तिच्यात तोंडाने फुंकर मारून पाहिली. नळी साफ होती.

पुढच्या शुक्रवारी आम्ही पुन्हा बसलो. शेजारचे लूम बंद होते. हे हँडल फार हळू फिरवत होते. जोर आला. मी "आली" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच राहिले, कारण अंगठ्याखाली हवा नव्हती. हवा अशी नसते. काहीतरी मऊ आणि कोमट माझ्या अंगठ्याला येऊन टेकलं होतं, आणि ते हलत होतं. डावीकडून उजवीकडे. उजवीकडून डावीकडे.

अदिती लहानपणी माझ्या कुशीत झोपायची तेव्हा माझा अंगठा मुठीत धरायची आणि आपल्या अंगठ्याचं पोट माझ्या अंगठ्याच्या पोटावर घासत राहायची. डोळा लागत आला की घासणं मंदावायचं, झोप लागली की थांबायचं. एखाद्या दिवशी झोप येत नसली की ती जोरजोरात घासायची, आणि मला कळायचं, आज हिला वेळ लागणार. शाळेत जायला लागल्यावर ती सवय गेली. ती कोणाला सांगण्यासारखी गोष्टही नव्हती. अशा गोष्टी आईच्याच लक्षात राहतात.

"आली का?" ह्यांनी विचारलं.

"नाही अजून," मी म्हणाले. "थांबा जरा. तसंच राहू द्या."

हे थांबले. मीही थांबले. अंगठ्याला स्वतःची नाडी असते, म्हणून दुसऱ्याची नाडी बघताना अंगठा वापरू नये, हे मीच मुलांना सांगायचे. नाडी असेल. भोकाच्या कडेने रक्त दाबलं गेलंय, त्यामुळे ती मोठी लागतेय. मी मनातल्या मनात हे पुन्हा पुन्हा म्हटलं. पण नाडी ठोके देते. ती अशी आडवी घासत नाही.

४

त्यानंतर आम्ही रोज गाळ्यात जायला लागलो. डिस्ट्रिब्युटर बाकावर फडक्यात गुंडाळलेला असायचा. तो बसवायचं नाव कोणी काढत नव्हतं. "एकदा बघू या," हे म्हणायचे, आणि मी गॅस बारीक करून जायचे. लूम चालू असले की भिंत थरथरायची, फरशी थरथरायची, त्या सगळ्या थरथरीतही मला ते वेगळं कळायचं. हे हँडल फिरवायचे ते पाळण्याची दोरी ओढावी तसं. मी काय करतेय हे त्यांनी विचारलं नाही. ते एवढं हळू का फिरवतायत हे मी विचारलं नाही. वर्षभरात आम्ही एकमेकांशी धड बोललो नव्हतो. आता गाळ्यातून परत येताना कधी कधी ते माझ्या कोपराला धरायचे, बोल्टला ठेच लागू नये म्हणून.

खोटं कशाला सांगू, मी सुखात होते. सकाळी उठल्यावर कशाची तरी वाट बघावीशी वाटत होती.

मग ते घासणं वाढलं.

आधी मला वाटलं, मीच जास्त दाबतेय. पण दिवसागणिक ते जोराचं होत गेलं. अंगठ्याचं साल निघालं. मग तो पांढरा पडला, वाल भिजत घातल्यावर होतात तसा, आणि गार. तव्यावरची भाकरी उलटताना वाफ लागलेली मला कळेना. मेथी निवडताना देठ हातात आहे की पान, ते बघावं लागायचं. तरी तो भोकावर ठेवला की मात्र सगळं कळायचं. आत काहीतरी घासत होतं, घासत होतं, आणि मंदावत नव्हतं. मी तिथे कितीही वेळ उभी राहिले तरी ते मंदावत नव्हतं.

एका दुपारी हे हँडल सोडून घाम पुसायला उभे राहिले. त्यांचे दोन्ही हात रुमालात होते. मला ते समोर दिसत होते. इंजिन थांबलेलं होतं. अंगठ्याखालचं घासणं थांबलं नाही. उलट आता ते ओढतही होतं, प्रत्येक वेळी थोडं आत. मी अंगठा काढायला गेले आणि तो निघाला नाही. ऑइलमुळे चिकटला असेल, असं माझ्या मनात येईतो समोर लटकणारं हँडल आपलं आपण बोटभर फिरलं आणि थांबलं.

हे रुमाल तसाच धरून त्याच्याकडे बघत होते.

अंगठा सुटला तेव्हा बाटलीचं बूच निघाल्यासारखा आवाज झाला. त्याच्याभोवती जांभळं कडं उमटलं होतं. "उद्या भूपेशला बोलावतो," हे म्हणाले. "आपल्याला जमत नाहीये."

५

भूपेशचं पडघ्याच्या रस्त्यावर गॅरेज आहे. अदिती त्याच्याकडून पाने, पुलर अशी हत्यारं मागून आणायची आणि वेळेवर परत करायची नाही, यावरून त्यांची कायम भांडणं. ती गेल्यावर तो पहिल्यांदाच घरी येत होता. हातात पेढ्यांचा पुडा होता. तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना, म्हणून बराच वेळ धरूनच बसला.

गाळ्यात आल्यावर मात्र तो कामाला लागला. "काका, उलटा बसतोय तर काय मोठी गोष्ट हाय. मी धरतो अंगठा, तुम्ही फिरवा."

मी दाराशी उभी होते. ह्यांनी हँडल फिरवलं. भूपेश दुसरीकडे बघत, सवयीने अंगठा धरून उभा होता. एक फेरा झाला. दुसऱ्या फेऱ्यात त्याची मान वळली. त्याने भोकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला.

"काकू, आत काय हाय?"

"काय असणार?" मी म्हणाले.

तो हसायला गेला, पण हसू आलं नाही. त्याने अंगठा पँटला पुसला, पुन्हा पुसला. मग म्हणाला, "अंगठ्याची गरजच न्हाय. झडपा बघून लावतो." त्याने झाकण काढलं, दोन्ही झडपा बंद असलेला फेरा डोळ्यांनी पाहिला, पुलीची खूण जुळवली आणि डिस्ट्रिब्युटर बसवला. रोटर फिरवून खात्री केली. झाकण लावलं, वायरी लावल्या, मागचे तीन प्लग आवळले. पहिला प्लग हातात घेतला आणि तसाच उभा राहिला. भोकाच्या जवळ हात नेला नाही.

"ठेव तिथे," मी म्हणाले. "तो मी लावते."

"आता बरोबर हाय, काका. चावी मारली की चालू होईल." तो निघाला. मी त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेले. रिक्षांच्या गर्दीत बाइक बाहेर काढता काढता तो थांबला. "काकू, तुम्ही नका हात लावू तिथे. मना बरा न्हाय वाटत."

"का रे?"

"ते धरू बघतं," तो म्हणाला, आणि गेला.

६

हे घरात चहा ठेवायला गेले होते. मी गाळ्यात एकटी होते, शेजारचे लूम चालू होते. बाकावरची हातबॅटरी मी उचलली. वर्गात मुलांना मी नेहमी सांगायचे, शंका असेल तर बघा. इतक्या दिवसांत मी एकदाही आत पाहिलं नव्हतं. अंगठाच ठेवत आले होते.

पिस्टन दिसेल, त्यावर थोडं ऑइल दिसेल, कुठे चिंधीचा तुकडा दिसेल, आणि मग आपण हसू, असं मी ठरवून वाकले. बॅटरीचा उजेड भोकावर धरला.

भोक आतून भरलेलं होतं. फिकट, मऊ, ओलसर काहीतरी खालून येऊन त्या गोल कडेला टेकलं होतं, काचेला अंगठा दाबल्यावर पलीकडून दिसतो तसं. अंगठ्याचं पोटच होतं ते. उजेड पडताच ते थांबलं. मी त्यावर रेघा शोधल्या. अंगठ्यावर रेघा असतात, वर्तुळं असतात, प्रत्येकाची वेगळी. त्यावर एकही रेघ नव्हती. उकडलेल्या अंड्यासारखं ते गुळगुळीत होतं.

मग ते सावकाश मागे सरलं, आणि तिथे पिस्टन होता, नवा कोरा, ऑइलने चमकणारा.

मी बॅटरी विझवली. किती वेळ तिथे होते, माहीत नाही. हे दोन कप घेऊन आले, बाकावर ठेवले आणि माझ्याशेजारी उभे राहिले.

"तुला एक सांगायचंय," हे म्हणाले. "धुराच्या फेऱ्याला हँडल हलकं लागायला हवं. ते जड लागतं. पलीकडून कोणी धरल्यासारखं. थोडा वेळ धरतं आणि मग सोडतं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"बोलला नाहीत."

"तू तरी कुठे बोललीस."

चहा निवत गेला. मी त्यांना लहानपणीच्या सवयीचं सांगितलं. त्यांना ती आठवतही नव्हती. ते त्या वेळी बाहेरच्या खोलीत झोपायचे. मी त्यांचा अंगठा हातात घेऊन त्यावर घासून दाखवलं, आधी हळू, मग आता कसं आहे तसं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"अहो, तिला झोप लागत नाहीये," मी म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले. मग त्यांनी विचारलं, "तीच आहे ना?"

मी नुकतंच काय पाहिलं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. त्यांचा चेहराही होता.

"हो," मी म्हणाले.

"आपण ठेवू या असंच," हे म्हणाले. "गाडी विकायची नाही, चालवायची नाही. प्लग लावायचाच नाही. रोज येऊन बसू."

मी माझा अंगठा त्यांच्यासमोर धरला. कडं आता काळं पडलं होतं. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, जसा आजारी माणसाचा हात घेतात, आणि रडले. वर्षभरात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. हॉस्पिटलमध्येही नाही.

"प्लग लावून चावी फिरवली की काय होईल, तुला माहितीये," ते म्हणाले. "आत ठिणगी पडणार. मी एकदा अग्नी दिलाय तिला, सुमा. पुन्हा माझ्या हातून होणार नाही."

"तुमच्या हातून नको," मी म्हणाले. "तेव्हा मला येऊ दिलं नव्हतं तिकडे. जावा दारातच धरून बसल्या होत्या. बाई कशाला, म्हणाल्या. या वेळी मी करते."

७

दुसरा दिवस शुक्रवार होता. मुद्दाम ठरवलं नव्हतं. सकाळी आंघोळ करून आम्ही गाळ्यात आलो. लूम बंद होते. दार पूर्ण उघडं टाकलं, धूर बाहेर जावा म्हणून, असं हे म्हणाले. बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

मी भोकाशी गेले. शेवटचा म्हणून अंगठा ठेवावा असं फार वाटलं. ठेवला असता तर काढला नसता, हेही कळत होतं. मी ठेवला नाही. प्लग घेतला, आट्यांवर टेकवला आणि बोटांनी फिरवायला लागले. पहिले दोन-तीन आटे सहज गेले. पुढे तो खालून ढकलला जाऊ लागला. मी दाबून फिरवत राहिले. ढकलणं जोराचं नव्हतं, हेच वाईट होतं. पांघरूण अंगावर ओढताना लेकरू पायाने ते ढकलतं ना, तेवढंच होतं. ह्यांनी पाना दिला. मी आवळलं. वायर लावली.

भूपेशचे शब्द मला आठवत होते. त्या गुळगुळीत मांसावर रेघा नव्हत्या, हेही आठवत होतं. ती नसेलच, तर मी एका परक्या गोष्टीला आगीत घालत होते, आणि बरंच करत होते. ती असेल, तर... गाडीत बसताना मी एवढंच मनात म्हटलं, की दोन्हीपैकी काहीही असलं तरी हे मलाच करायचंय.

हे बॉनेटपाशी उभे होते. त्यांनी हात जोडले नाहीत, नुसते पोटाशी धरले.

मी चावी फिरवली.

पहिल्याच झटक्यात इंजिन चालू झालं. बार नाही, खोकला नाही. लयीत, मऊ, एकसारखं. इतकं सुरेख चालणारं इंजिन मी कधी ऐकलं नव्हतं. सायलेन्सरमधून थोडा पांढरा धूर आला, नव्या इंजिनातून येतो तेवढाच, आणि दारातून बाहेर जाऊन गल्लीत विरला. मी कान देऊन ऐकलं. त्या आवाजाच्या आत दुसरा आवाज असेल म्हणून ऐकलं. नव्हता. ह्यांनी डिस्ट्रिब्युटर सवयीने किंचित फिरवून पाहिला, लय आणखी नीट झाली, आणि त्यांनी बोल्ट आवळला.

"बास," ते म्हणाले. "बंद कर."

मी चावी उलटी फिरवली. काढून मुठीत घेतली. खाली उतरून त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिले.

इंजिन चालूच होतं.

"होतं असं कधी कधी," हे हळूच म्हणाले. "आत कार्बन तापून लाल झाला असला की ठिणगीशिवायही पेट्रोल पेटत राहतं." मग थोड्या वेळाने, "पण हे नवं आहे. यात कार्बन कुठून असणार?"

मी मूठ उघडली. चावी माझ्या तळव्यावर होती. ह्यांनी ती पाहिली. इंजिन आता आणखी हळू चालत होतं, यंत्र चालतं तसं नाही; कोणीतरी दम धरून चालावं तसं, प्रत्येक फेऱ्याला जरासं थांबून, पुन्हा पुढे.

"गिअर टाकून क्लच सोडला की थांबेल," हे म्हणाले. ते गाडीत वाकले. त्यांचा हात गिअरच्या दांड्यावर गेला. मी चावी मुठीत आवळली. त्यांचा हात तिथेच राहिला, आणि मग त्यांनी तो काढून घेतला आणि माझ्याजवळ परत आले.

तो आवाज मंदावत मंदावत आपणहून थांबेपर्यंत आम्ही दोघं तिथे उभे राहिलो. थांबल्यानंतरही उभे होतो.